कुंडावर सोडलेला झगा

माय,

तुला वाचता येत नव्हतं. तू जिवंत असतीस तरी हे पत्र कोणाला तरी वाचून दाखवावं लागलं असतं, आणि हे दुसऱ्याच्या तोंडून तू ऐकावंस असं मला कधी वाटलं नसतं. म्हणून लिहिते आणि ठेवून देते. घरात मी तुझ्याशी आपल्या बोलीत बोलायची, इथं मात्र शाळेची भाषा येते आहे. इतकी वर्षं फळ्यापुढं उभी राहिले, जीभ तशी वळली. तू म्हणाली असतीस, "वा वो मास्तरीनबाई, मायसंगं तं साधं बोल!" बरं, साधंच सांगते. या माघात मी मौशीला घेऊन उनकेश्वरच्या गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन आले. तुझी धाकटी बहीण, तिचे गुडघे पार गेलेत. डॉक्टरच्या गोळ्यांनी पोट बिघडतं, म्हणून गरम पाण्यात बसायचंच असा तिनं धोशा लावला होता. दादाच्या मुलानं गाडी काढली, मागच्या सीटवर मौशी आणि मी. यवतमाळ सोडलं तशी मी वाटेवरच्या गावांच्या पाट्या वाचायला लागले. लहानपणी तू मला तिथं नेलं होतंस, त्यानंतर मी त्या वाटेला गेलेच नव्हते.

माझ्या डाव्या मनगटावर पहिला पांढरा डाग उठला तेव्हा मी दुसरीत होते. केळझरच्या अलीकडचं आपलं गाव, कोड हा शब्द तिथं कोणी मोठ्यानं उच्चारत नसे. बाया दारात यायच्या, माझा हात धरून उजेडात न्यायच्या आणि चक् चक् करायच्या. वर्ध्याच्या डॉक्टरनं मलम दिलं. कोणी सांगितलं बावची उगाळून लाव, तर तू लावलीस आणि ऊन दाखवलंस. हे टरटरून फोड आले. मग कोणीतरी उनकेश्वरचं नाव काढलं. पैनगंगेच्या काठी जमिनीतून उकळतं पाणी येतं, अंगावरचं काहीही निघतं म्हणे. बाबा म्हणाले, "जाय घेऊन, तुह्या मनाची समजूत होईन." जायच्या आदल्या आठवड्यात तू मला नवा झगा शिवून घेतलास. पांढऱ्यावर पिवळी फुलं, गळ्याला झालर. माझ्या अंगावर तोवर दादाचे जुने सदरे लहान करून शिवलेलेच कपडे असायचे. मला वाटलं आपण जत्रेला चाललो.

माघाचा गारठा होता. कुंडावर वाफ तरंगत होती आणि नासलेल्या अंड्यासारखा वास येत होता. मी नाक दाबलं तर मौशी, तेव्हा तिचं लग्नही झालं नव्हतं, खुदखुदून हसली. पायरीवर एक म्हातारी बसायची. आल्यागेल्याला तिथली रीत सांगायची आणि कोणी हातावर ठेवला तर गुळाचा खडा तोंडात टाकायची. तिनं तुला सगळं बजावून सांगितलं. अंगातल्या कपड्यासकट पाण्यात उतरायचं. बाहेर आल्यावर अंग पुसायचं नाही, वाऱ्यावर वाळू द्यायचं. आणि ज्या कपड्यात आंघोळ केली तो तिथंच झुडपावर सोडायचा, मागं वळून पाहायचं नाही. "पानी रोग काढते बाई, पन त्याले राहाले जागा लागते. तो कपड्यात जाऊन बसते. ज्याचा रोग त्यानं त्या कपड्याले पुन्हा हात लावला तं परत त्याच्या आंगावर. दुसऱ्यानं घेतला तं दुसऱ्याच्या." मी पायरीवर बोट बुडवून बोंबलले, "पोळते वो माय!" तू मला काखेत धरलंस आणि म्हणालीस, "पोळू दे. पोळलं तवाच निघन." तळाशी रेती होती आणि रेतीतून बुडबुडे येऊन पायांना गुदगुल्या करत होते. तिथलं पाणी वरच्यापेक्षा जास्त गरम. थोड्या वेळानं अंग सैल झालं, कातडी तेल लावल्यासारखी बुळबुळीत लागायला लागली आणि मला तिथून निघावंसंच वाटेना. तू माझं मनगट पाण्याखाली धरून अंगठ्यानं चोळत होतीस आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होतीस.

बाहेर आल्यावर माझे दात वाजत होते. तू मला दादाचा जुना सदरा घातलास आणि पिवळ्या फुलांचा ओला झगा करवंदीच्या झुडपावर टाकलास. मग मी जे रडणं लावलं! "माहा झगा! माहा झगा!" एकदाच घातला होता ना तो. तू मला ओढतच रस्त्यापर्यंत आणलंस, आणि तिथं एकदम थांबलीस. "लोटा राह्यला वो कुंडावर," म्हणालीस. मौशीला सांगितलंस, "इले धर. मांगं पाहू देजो नोको." मी पळसाखाली मौशीच्या मांडीवर मुसमुसत बसले. तू परत आलीस तेव्हा हातात लोटा होता. मी लोटाच पाहिला, कारण मला झगा हवा होता आणि तो तुझ्या हातात नव्हता.

डाग काही गेला नाही. उलट वाढला, कोपरापर्यंत चढला, मग दुसऱ्या हाताला आला. तुला हे सगळं ठाऊक आहे. पण त्या वर्षीच्या उन्हाळ्यातल्या एका दुपारचं मला तुझ्याशी बोलायचं होतं. तू जिवंत असेपर्यंत बोलले नाही, ताठ्यानं बोलले नाही. तू विहिरीवरून येऊन गुंड उतरवला होतास आणि चुलीपुढं बसली होतीस. डोक्यावरची चुंबळ खुंटीला. ती नवी होती, जाडजूड, तुझ्या जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून चहूबाजूंनी टाके घातलेली. पाण्याचा गुंड असो, कपाशीचं गाठोडं असो, तू तीच चुंबळ घ्यायचीस. मी लोटा घेऊन पाणी आणायचा खेळ खेळत होते. खुंटीवरची चुंबळ काढली, डोक्यावर ठेवली आणि कमरेवर हात ठेवून तुझ्यासारखी चालत आले. तू वळून पाहिलंस. काय झालं ते मला कळायच्या आत कानशिलात बसली. "हात लावू नोको! म्हनलं ना, तिले हात लावू नोको!" तू चुंबळ ओढून घेतलीस, मला बखोटीला धरून मोरीवर नेलंस आणि राखेनं माझे हात घासलेस, डोक्यावर पाण्याचे तांबे ओतलेस. माझे हात लाल झाले. जिथं डाग होते तिथं तर फारच लाल दिसत होते.

मी काय समजले असेन? माझ्या मायला माझी किळस येते, असं समजले. दुसरं काय समजायचं होतं गं? बाहेरच्या पोरी माझ्यासोबत फुगडी खेळत नव्हत्या, त्यांना त्यांच्या माया सांगायच्या. आता माझी मायही त्यांच्यातलीच झाली. आणि मग मला रोज सकाळी ते दिसायला लागलं. ऊन दारात आलं की तू उंबऱ्यावर बसायचीस, बांगड्या मागं सारायचीस आणि आपले हात उलटेपालटे करून निरखून पाहायचीस. मनगट, कोपर, बोटांच्या बेचक्या. माझ्यापासून तुला लागलं तर नाही ना, हेच पाहतेस अशी माझी खात्री होती. मी आपणहून वेगळी ताटली घेतली. "काऊन वो, तिकडं काऊन बसून राह्यली? ये ना इकडं," तू म्हणायचीस. मी म्हणायची, "इथंच बरी हाय मी." तू फार ओढून नेलं नाहीस. ओढलं असतंस तर मी कदाचित आले असते.

पुढं स्थळं आली. पहिल्याच पाहुण्यांना तू सांगितलंस, पोरीच्या हातावर लहानपणी दूध सांडलं, भाजल्याचे डाग आहेत. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तिथंच म्हणाले, "भाजलं नाई, कोड आहे. कोणाले लागत नाई, पण आहे." पाहुणे चहा न पिता उठले. तू रात्री जेवली नाहीस आणि मला वाटलं बरी जिरली. नोकरी लागून मी सेलूला खोली केली तेव्हा तू मला लांब बाह्यांचे ब्लाऊज शिवून दिलेस. मी ते पेटीतून काढलेच नाहीत, उन्हाळा-हिवाळा आखूड बाह्यांतच शाळेत गेले. दरवर्षी विज्ञानाच्या तासाला माझेच हात पोरांपुढं धरून शिकवलं की कोड संसर्गजन्य नाही, कपड्यातून, ताटातून, स्पर्शातून पसरत नाही. धीट पोरं बोट लावून पाहायची. त्या दिवशी मला घरी येऊन जेवण गोड लागायचं.

तू गेलीस तेव्हा बाया म्हणाल्या, मुलीनं शेवटचं पाणी घालावं. मी तुला न्हाऊ घातलं. तुझे हात, पाय, पाठ, सगळं अंग माझ्या डोळ्यांसमोर होतं. गव्हाळ, सुरकुतलेलं, आणि एक डाग म्हणून कुठं नाही. माय, तेव्हा मला काय वाटलं ते सांगते, ऐकून घे. मला वाटलं, जपलंस बाई स्वतःला. असं मनात म्हणत मी तुझ्या पाठीवर पाणी ओतत होते.

आता या माघातलं. कुंडाला फरशी लागली आहे. बायांसाठी वेगळी भिंत आहे, नळ्या टाकून पाणी टाक्यांत घेतलं आहे. वास तोच. दादाचा मुलगा बाहेर चहाच्या टपरीवर थांबला आणि मी मौशीला एकेक पायरी उतरवत पाण्यात नेलं. गुडघे बुडाले तशी तिनं "हाऽऽय बापा" करून डोळे मिटले. मी समोर बसले. गळ्यापर्यंत पाणी आलं आणि तुझ्या अंगठ्याची आठवण एकदम मनगटावर आली. मग तोंडातून निघूनच गेलं. म्हटलं, "मौशी, इथं मायनं मला प्रेमानं हात लावला तो शेवटचा. पुढं ती माझ्या हाताले भ्यायचीच."

मौशीनं डोळे उघडले. "कोनं सांगतलं तुले?"

"सांगायले काऊन पाहिजे? चुंबळीले हात लावला तं थोबाड फोडलं होतं माझं. रोज सकाळी स्वतःचे हात पाहत बसायची, लागलं का म्हणून."

मौशीनं पुन्हा डोळे मिटले. मला वाटलं झापड आली. मग ती पाण्यातून हात काढून माझ्याकडं रोखून म्हणाली, "मास्तरीन झाली तू, पन येडीची येडीच राह्यली. त्या चुंबळीत काय होतं, मालूम हाय?"

"काय?"

"तुहा झगा. पिवळ्या फुलाचा."

मग मौशीनं सगळं सांगितलं, थांबत थांबत, मधेच गुडघे चोळत. तू लोट्यासाठी परत गेलीच नव्हतीस म्हणे. लोटा तू मुद्दाम ठेवून आली होतीस. "मले म्हने, नवा झगा हाय, कोन्या गरिबाचं लेकरू उचलून घालन, अन् माह्या लेकीचं त्या लेकराले लागन. मंग म्हने, कोनाले तरी जाचंच हाय तं मलेच येऊ दे. लुगड्याच्या आत पोटाशी बांधून आनला तिनं तो वला झगा. घरी आली अन् त्याची चुंबळ केली, डोक्शावर घ्याले. रोज घेतली का चढन म्हने आंगात."

"मंग मला मारलं काऊन?"

"अवं, तूच हात लावला त्याले! ज्याचं त्याच्यावर परत जाते, म्हातारीनं सांगतलं नोयतं? थरथर कापत आलती ते माह्याकडं. म्हने, सारं वाया गेलं, पोरीनं हात लावला."

मी शिक्षिका आहे, माय. पोरांना मी जन्मभर सांगितलं की आधी नीट पाहा, मग ठरवा. त्या दुपारी तू मला धुतलंस, पण चुंबळ धुतली नाहीस. तशीच झटकून डोक्यावर घेतलीस आणि दुसऱ्या खेपेला निघालीस. किळस आली असती तर चुंबळ धुतली असतीस, फेकली असतीस. हे माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं आणि मी ते कधी पाहिलंच नाही. आणि ते सकाळचं हात पाहणं! "लागलं का म्हणून पाहे ना ते," मौशी म्हणाली, "रोज पाहे. अन् नाई दिसलं का तोंड उतरे तिचं." तू भीत नव्हतीस. तू वाट पाहत होतीस. माझे डाग वाढत गेले आणि तुझे हात स्वच्छ राहिले, आणि तुला वाटत राहिलं की आपलंच काहीतरी कमी पडतं आहे.

मी विचारलं, "इतके वर्ष सांगितलं काऊन नाई मला?" तर म्हणाली, "तुह्या डोक्शावर हात ठेवून सपथ घेतलती तिनं माह्याकडून. तू निजली होती तवा. आता मी का राह्यतो बापा, आज हाय उद्या नाई, संगं नेऊन काय करू?" ती चुंबळ कुठं आहे म्हणून विचारलं. तिरडीवर तुझ्या मानेखाली मौशीनंच ठेवली. तू सांगून ठेवलं होतंस, घरात राहू देजो नोको, पोरीचा हात लागन. म्हणून मी तुला न्हाऊ घालून बाहेर गेल्यावर तिनं ती ठेवली. मग मी कुंडात तोंड बुडवून रडले. बाजूच्या बाया समजल्या असतील पाणी पोळतंय. मौशी माझ्या पाठीवर थापटत म्हणत होती, "रड, रड. गरम पान्यात बरं असते रडनं."

सगळंच उलगडलं असं नाही. त्या लांब बाह्यांचं मी मौशीला विचारलं, तर ती म्हणाली, "ते बापा मले नाई मालूम." लाज वाटली असेल तुला माझी, कधीमधी. वाटली असेल तर वाटू दे. भाजल्याचं खोटं सांगितलंस त्याचाही राग माझा अजून पुरता गेलेला नाही. पण आता त्या रागाला बसायला जागा उरली नाही, आणि खरं सांगू, मला जरा उघडं उघडं वाटतं. इतकी वर्षं तुझं म्हणून माझ्याजवळ तेवढंच होतं.

बाहेर आल्यावर रीतीप्रमाणं साडी तिथंच सोडायची होती. अजूनही बाया सोडतात, कुंपणाच्या तारेवर रांगच असते. मी माझी ओली साडी पिळली, पिशवीत कोंबली आणि गाडीत घेऊन बसले. मौशीनं पाहिलं. वर्ध्याला घरी येऊन साडी वाळवली, काठाकडचा तुकडा फाडला आणि चुंबळ केली. आता डोक्यावर न्यायला काही नाही, नळ स्वयंपाकघरात येतो. कशासाठी केली विचारशील तर मला सांगता येत नाही. हातांना करावीशी वाटली. खिडकीत ठेवून दिली.

गेल्या आठवड्यात दादाची नात, शाळेसाठी माझ्याकडंच राहते ती, शाळेतून आली. ती मला आत्याआजी म्हणते, तुझी पणती. शाळेत वेषभूषा स्पर्धा आहे आणि तिला पाणी भरणारी बाई व्हायचं आहे. घरभर हिंडली, पितळी लोटा शोधला, आणि खिडकीतली चुंबळ उचलून डोक्यावर ठेवून कमरेवर हात ठेवत माझ्यापुढं आली. "पाय आत्याआजी, जमलं का मले?" मी ओरडले, "हात लावू नको तिला!" तो आवाज माझा नव्हता माय, तुझा होता. पोरीचा चेहरा असा पडला, की तो चेहरा मी आतून ओळखत होते. चुंबळ खाली पडली, लोटा गडगडत पलंगाखाली गेला. तिनं आपले दोन्ही हात पाठीमागं लपवले.

मी उठले. तिचे हात पुढं ओढून घेतले, माझ्या या कोडाच्या हातांत धरले आणि सांगितलं की हात लावल्यानं काही होत नसतं, आत्याआजी उगाच ओरडली. तुझी सगळी गोष्टही सांगितली, तिला कळेल तेवढी. झगा, लोटा, चुंबळ. ती म्हणाली, "मंग तिनं तुले सांगितलं काऊन नाई?" मी म्हटलं, ते तिला जमलं नाही. मग मीच चुंबळ उचलून तिच्या डोक्यावर ठेवली, वर लोटा ठेवला आणि अंगणात तिला चालायला लावलं. मान ताठ ठेवून चालली, छान चालली.

इथपर्यंतचं मी कोणालाही सांगू शकते, शाळेतही सांगेन. पुढचं फक्त तुला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन दारात आलं तेव्हा ती वेणी घालून घ्यायला माझ्यापुढं बसली होती. मी तिची बांगडी मागं सारली आणि तिचे हात उजेडात धरून उलटेपालटे करून पाहिले. मनगट, कोपर, बोटांच्या बेचक्या. तिथं काही नव्हतं, आणि नसणारच होतं, हे मला ठाऊक होतं. तरी आजही पाहिले.